पन्नासपैकी सत्तेचाळीस

दुपारच्या सुट्टीत कोर्टाच्या मागच्या खोलीत हेडफोन लावून ती टाइप करत होती आणि तिची बोटं एकदम थांबली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. खुनाच्या खटल्यात आयांचं रडणं तिने टाइप केलं होतं, खोटं बोलणाऱ्यांच्या शपथा टाइप केल्या होत्या, एकदा साक्षीदार बोलता बोलता कोसळला तेव्हाही आधी ‘साक्षीदार कोसळला’ एवढं लिहून मगच ती उठली होती. लघुलेखिकेचे कान ऐकतात, बोटं लिहितात, मधे माणूस नसतो, असं ती नव्या मुलींना शिकवायची. आज मधे माणूस निघाला. हेडफोनमधला आवाज तिच्या दादाचा होता आणि तो म्हणत होता, “माझी सख्खी बहीण समलिंगी आहे. तिने घरी सांगितलं तेव्हा वडील ताटावरून उठले. ती निघून गेली. मी तिच्या मागे धावलो, दुसऱ्या मजल्यावर तिला गाठलं, हात धरला आणि म्हटलं, हे घर तुझं आहे, तू कुठेही जायचं नाहीस.”  कोणीतरी नाक ओढलं. मग दादाचाच आवाज, जरा भरलेला, “तेव्हापासून तुमचा प्रश्न हा माझा घरचा प्रश्न आहे.” तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा ऐकलं. शब्द न् शब्द तसाच. मग तिने हेडफोन काढला तर खोलीत पंख्याचा आवाज केवढा मोठा होता.

खरं तर हे रेकॉर्डिंग तिच्याकडे यायलाच नको होतं. तिच्यासारख्या बायका, तसेच पुरुष, आणि या दोन्ही शब्दांत न मावणारी माणसं, अशांचं शहरात एक मंडळ होतं. पालिकेची निवडणूक आली की मंडळ उमेदवारांना बोलावायचं, प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारायचं, प्रत्येक उत्तराला दहापैकी गुण द्यायचं आणि गुणांवरून एक ते पाच तारे ठरवून त्याचं पत्रक काढायचं. पहिल्या वर्षी चारच उमेदवार आले होते, त्यातला एक पत्ता चुकून. आता मात्र न येण्याची चोरी झाली होती. पत्रक घरोघरी जायचं आणि सुशिक्षित वस्त्यांमधून चार मतं इकडची तिकडे व्हायची. गुण देणारे तिघं वेगळे होते, ती फक्त मुलाखती जशाच्या तशा टाइप करून द्यायची. दादा उभा राहतोय कळल्यावर तिने मंडळाच्या प्रमुखांना, म्हणजे डॉक्टरांना, आधीच सांगून टाकलं होतं, “तो माझा भाऊ आहे. त्या दिवशी मी येणार नाही, त्याचं टाइपही दुसऱ्या कोणाला द्या.” डॉक्टर हो हो म्हणाले होते. डॉक्टर जनावरांचे होते, दिवसभर कुत्र्यामांजरांना इंजेक्शनं देऊन संध्याकाळी मंडळाचं काम बघायचे, आणि जे हो म्हणायचे त्यातलं निम्मं विसरायचे.

त्या रविवारी दुपारी नेमकं काय झालं हे तिला पाठ होतं. बावीस वर्षांत ते इतक्या वेळा आठवून झालं होतं की आता ते आठवण राहिलं नव्हतं, कागदासारखं झालं होतं. चौथ्या मजल्यावरचं घर, जेवणाचं टेबल, बाबांच्या हातातला घास. तिने सांगितलं. म्हणजे सांगितलं तरी काय, दोनच वाक्यं होती. मी लग्न करणार नाही, मी माझ्या मैत्रिणीबरोबर राहणार आहे. बाबा उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागले. धूतच राहिले. आई पाण्याचा तांब्या धरून उभी होती, तिला तो ठेवायला जागा सापडत नव्हती. आणि दादाने काय केलं होतं? दादाच्या मांडीवर त्याची पाच वर्षांची मुलगी बसली होती. दादाने दोन्ही तळहातांनी तिचे कान झाकले. हळुवार झाकले, पाखरू धरावं तसे. पोर गंमत वाटून हसली. एवढंच. कोणी तिला घालवलं नाही, कोणी ओरडलं नाही. आपलं बोलणं मुलाबाळांनी ऐकू नये असलं असतं, हे तिला त्या दोन तळव्यांनी सांगितलं आणि ती उठली. जिना उतरताना ती हळू उतरली, मुद्दाम. तिसरा मजला, दुसरा, पहिला. प्रत्येक वळणावर कान वर ठेवून. वर दार उघडल्याचा आवाज आला नाही, चपलांचा आला नाही. खाली येईपर्यंत तिला फक्त स्वतःची पावलं ऐकू आली. ऐकणं हाच तिचा धंदा, त्यात ती चुकेल कशी? नंतरच्या वर्षांत दादा वाढदिवसाला फोन करायचा, आजारपणात एखाद्या चांगल्या डॉक्टरचा नंबर पाठवायचा. बाबा गेले तेव्हा तिला शेजारी उभं केलं. आणि त्या कान झाकलेल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी फोनवर म्हणाला, “एकटी ये हं, म्हणजे तुलाच बरं.” ती गेली नाही. त्यावर कोणीच काही बोललं नाही, कारण वाईट कोणीच वागलं नव्हतं.

संध्याकाळी ती मंडळात गेली ती तणतणतच. मंडळ म्हणजे दवाखान्याच्या वरची खोली. खाली पिंजऱ्यातलं कोणतं तरी मांजर एका सुरात रडत होतं आणि जिन्यात औषधाचा वास होता. डॉक्टर टेबलावर गुणपत्रिका पसरून बसले होते आणि शिंपीण खिडकीशी. शिंपीण वयाने मोठी, स्वतःचं शिवणाचं दुकान असलेली. जन्माला मुलगा म्हणून आली होती आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायची, “माप चुकलं होतं, मी दुरुस्त केलं.” गुण देणाऱ्या तिघांत ही दोघं होती. तिसरा परगावी गेला होता.

“तुमच्या भावाने कमाल केली,” डॉक्टर तिला बघताच म्हणाले. “पन्नासपैकी सत्तेचाळीस. इतके आजवर कोणाला दिले नाहीत. पाच तारे.” मग जीभ चावून, “अरे, ते रेकॉर्डिंग तुमच्याकडेच आलं का? चुकलंच माझं. पण आलंच आहे तर एक विचारू? तो जिन्याचा प्रसंग पत्रकात घ्यायचाय. तुमचं नाव नाही घालत, पण तुमची परवानगी हवी.”

“तो प्रसंग झालेला नाही.”

खालचं मांजर थांबलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे सगळाच नाही, की थोडा?”

“मागे कोणी आलं नाही. हात कोणी धरला नाही. घर तुझं आहे असं कोणी म्हटलं नाही.”

डॉक्टरांनी बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसल्या. ते वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती. “हे बघा,” ते म्हणाले, “मी या वयाचा होईपर्यंत एकही पुढारी आपल्यासाठी खरं बोलला नाही. खोटंही बोलला नाही. आपलं नावच कोणी घेत नव्हतं. आज एक माणूस निवडून येण्यासाठी आपल्या बाजूने खोटं बोलतोय. मला विचाराल तर ही प्रगती आहे.”

तिला हसूही आलं आणि संतापही. कारण ते खरं होतं. “आणि औषधवाल्या बाईंना किती?” तिने विचारलं. त्याच वॉर्डातून एक औषधांच्या दुकानाची मालकीण उभी होती. तिच्या मुलाखतीला ही हजर होती.

“एकतीस. अहो, ती ‘तसली माणसं’ म्हणाली. दोनदा. मग शिंपीणबाईंनी टोकलं तर म्हणाली, बरं, मग काय म्हणू ते सांगा, लिहून घेते. तयारीच नाही. पाचव्या प्रश्नाला तर ‘नियम वाचल्याशिवाय बोलणार नाही’ म्हणून मोकळी झाली.”

पाचवा प्रश्न तिने स्वतःच सुचवलेला होता. पालिकेच्या वृद्धनिवासात जोडखोल्या होत्या. एकाचं वय साठीच्या वर असलं की सोबत्यालाही तिथे राहता यायचं, पण सोबती म्हणजे नवरा, बायको किंवा रक्ताचं माणूस. हा नियम तुम्ही बदलाल का, असा सरळ प्रश्न. औषधवालीने डोकं खाजवलं होतं. “मला हा नियम माहीत नाही,” ती म्हणाली होती, “पण दोन म्हाताऱ्या बायकांना एका खोलीत राहायचं असलं तर पालिकेच्या पोटात का दुखावं? मी वाचून सांगते.” आणि दादाने? दादाचं उत्तर तिने दुपारी टाइप केलं होतं. सन्मान, माणुसकी, काळाची पावलं, सर्वांना सामावून घेणारं शहर, आणि शेवटी, ‘या विषयाचा आम्ही अत्यंत सकारात्मक विचार करू.’ दहापैकी नऊ. कोर्टात असल्या उत्तरावर न्यायाधीश म्हणतात, हो की नाही तेवढं सांगा.

“शब्दांना मार्क दिले आपण,” शिंपीण खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाली. “मीपण दिले. तो बोलला आणि मला माझा भाऊ आठवला. रडले मी. नाक ओढलेलं ऐकलंस ना, ती मीच.”

घरी आली तेव्हा नकाशे अंधारात बसली होती. नकाशे म्हणजे जिच्यासाठी ती तो जिना उतरली ती. भूमापन खात्यात तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेली, तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. ऑफिसात सगळे तिला याच नावाने हाक मारायचे, तेच घरीही चिकटलं. दिवा लावायचं ती हल्ली विसरायची, कारण दिवा लावून फारसा फरक पडायचा नाही. डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या दिसायच्या. “नकाशाची चौकट शिल्लक आहे,” ती म्हणायची, “मधला मुलूख पुसला.” बोलायला समोर बसलं की ती मान थोडी वळवायची, म्हणजे समोरच्याचा कान तरी दिसावा. दिवसभर ती तिसऱ्या मजल्यावर एकटी असायची. मागच्या महिन्यात गॅसवर भांडं ठेवून विसरली आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. म्हणून वृद्धनिवास. कोर्टापासून सात मिनिटांवर, जोडखोल्या तळमजल्यावर, दिवसभर कोणीतरी हाकेला. नकाशेला एकटीला तिथे उद्या जागा मिळाली असती. मग ही रोज चार ते सहा ‘भेटीला येणारी’ झाली असती.

तिने सगळं सांगितलं. नकाशेने मान वळवून ऐकलं आणि म्हणाली, “मला ऐकव.” दोघींनी एकेक कानात हेडफोन घालून ऐकलं. संपल्यावर नकाशे म्हणाली, “तो खोटं बोलत नाहीये गं. आवाज ऐक. त्याला वाटतंय की तो उतरला होता.”

“वाटून काय उपयोग?”

“नाहीच. पण तू चोर शोधत असशील तर इथे चोर नाही.”

हे ऐकून ती जास्तच चिडली. चोर असता तर बरं झालं असतं. रात्रभर तिला एकच गोष्ट टोचत राहिली. त्या जिन्यावर ती एकटी होती, निदान तेवढं तरी तिचं होतं. बावीस वर्षं तिने ते एकटीने वागवलं होतं. आता तिथेही दादा येऊन उभा राहिला होता, हात धरून, आणि लोक रडत होते.

तिने फोन केला तर कोणी कार्यकर्ता बोलला, साहेब प्रचारात आहेत म्हणाला. शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. ती आंघोळीला गेली होती. बाहेर आली तेव्हा नकाशेने दार उघडलं होतं आणि मान वळवून विचारत होती, “कोण?” दारात दादा होता, हातात पत्रकांचा गठ्ठा. ज्या घरात तो बावीस वर्षांत आला नव्हता, त्या घराच्या उंबऱ्यावर, जिच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता तिच्यासमोर, तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “मी... तुमच्या वॉर्डाचा उमेदवार.”

“या,” नकाशे म्हणाली. “आवाज ओळखीचा आहे. परवाच ऐकला.”

तो बसला. केस पांढरे झाले होते, बसताना तो बाबांसारखा गुडघ्यावर हात टेकत होता. खोलीत त्याने सगळीकडे पाहिलं, दोन खुर्च्या, भिंतीवरचा नदीचा जुना नकाशा, पलंग, आणि पलंगावरून नजर पटकन काढून घेतली. चहा नको म्हणाला, मग घेतला. तिने टाइप केलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. लहानपणीही हलायचे.

“मी उतरलो होतो गं,” तो म्हणाला.

“दादा, मी तीन मजले कान लावून उतरले. कोणी नव्हतं.”

“तू निघाल्यावर लगेच नाही. आई रडायला लागली, तिला बसवलं. मग उतरलो. कडेवर पोर होती.”

“दुसऱ्या मजल्यापर्यंत?”

 चहावर साय धरली होती, ती त्याने बोटाने बाजूला केली. “बोलताना लोक समोर असले की थोडं पुढेमागे होतं,” तो म्हणाला. “तुला नाही कळायचं, तू लिहितेस. बोलणाऱ्याचं वेगळं असतं.”

“किती मजले, दादा?”

“एक,” तो म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, “एकच. तिसऱ्या मजल्यावर थांबलो. तिथे कोणाचं तरी दार उघडं होतं, ते बघत होते. मी वर गेलो.”

 एक मजला तिला लगेच खरा वाटला, कारण तो दादाच्या मापाचा होता. ती मनातल्या मनात त्या जिन्यावर परत गेली आणि तिसऱ्या मजल्यावर, पोर कडेवर घेऊन, शेजाऱ्यांचं उघडं दार बघून थांबलेला तीस-पस्तिशीचा माणूस तिला दिसला. त्याच्यावर दया येऊ नये म्हणून तिने दात आवळले.

“हे सांगितलं असतंस मंडळात,” ती म्हणाली, “तर मी स्वतः तुला पन्नास दिले असते.”

“एका मजल्याला कोण मत देतं?” तो खिन्न हसला.

मग तिने खोलीचं काढलं. निवडून आलास तर नियम बदलशील का, हो की नाही. दादा लगेच उमेदवार झाला. सरसकट शब्द देता येत नाही, समितीत वेगवेगळ्या विचारांचे लोक असतात, पलीकडची वस्ती जुन्या वळणाची, आधी निवडून तर येऊ दे. ती तेच वाक्य पुन्हा विचारत राहिली आणि तो पुन्हा वेळ मारून नेत राहिला. शेवटी त्याने आवाज खाली आणला, पुढे वाकला. “अगं, नियमाची वाट बघत बसलात तर यांचे डोळे जातील. अर्ज माझ्याकडे दे. रक्ताचं नातं असल्याचा दाखला लागतो ना? मी सही करतो. या आपल्या मोठ्या बहीण. आडनाव लग्नानंतरचं म्हणू. पंधरा दिवसांत जोडखोली. कोणाला काही कळायची गरज नाही.”

तो मनापासून बोलत होता. हे त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं होतं, तेच तो काढून देत होता, हे तिला दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि मंडळातल्या शिंपिणीला कोण सही देईल?” तिने विचारलं. “तिच्या भावाने तिला मेली म्हणून सांगितलंय. डॉक्टरांना कोण देईल? प्रत्येकाला एकेक भाऊ उमेदवार हवा का?”

“मी सगळ्यांचं नाही म्हणत. तुझं म्हणतोय.”

“तेच तर.”

तो गेल्यावर ती भांडी घासायला लागली. नकाशे मागून येऊन दाराच्या चौकटीला टेकली. “घ्यायची होतीस सही,” ती म्हणाली.

“तू असं म्हणतेस?”

“मी म्हणते. तू कोर्टातून सहाला येतेस. तोवर मी या भिंती चाचपत असते. पंखा कोणता, दिवा कोणता, बटणांवरून हात फिरवते. काल आरशासमोर गेले तर चेहऱ्याच्या जागी भोक. तुला तत्त्व हवं, मला तळमजला हवा. बहीण म्हणाले मला, म्हणू देत. यापेक्षा वाईट खूप काही म्हणून झालंय.”

 हाताला फेस तसाच ठेवून ती उभी राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांनी उच्चारलेले शब्द हुबेहूब उतरवताना तिला स्वतःची चूक कधी सापडली नव्हती, कारण तिथे स्वतःचं काही नसायचंच. आता एका बाजूला खोटा शब्द आणि खोली, दुसऱ्या बाजूला खरा शब्द आणि ही बाई भिंती चाचपत. दोन्हीकडून चूक तिचीच होती. दोन दिवस दोघी कामापुरतं बोलल्या.

सोमवारी ती मंडळात गेली आणि म्हणाली, “प्रसंग छापायला माझी परवानगी नाही. आणि दोघांनाही एकच प्रश्न लेखी पाठवा. पहिल्या वर्षात जोडखोलीचा नियम बदलायचा ठराव मांडणार का? उत्तर हो किंवा नाही.” डॉक्टर म्हणाले, नियमात बसत नाही, मुलाखत एकदाच होते. शिंपीण म्हणाली, “नियमात न बसणाऱ्यांचंच मंडळ आहे हे,” आणि प्रश्न गेला. दादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, पक्षाच्या कागदावर, चार परिच्छेद. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. औषधवालीचं तिसऱ्या दिवशी आलं, औषधाच्या कंपनीने फुकट दिलेल्या कागदावर, हाताने लिहिलेलं. ‘हो. तुम्ही नियम अकरा म्हटलंय, तो नऊ आहे. मी जाऊन पाहिला. उपनियमही बदलावा लागेल, नाहीतर कारकून अडवतील. शब्द चुकले असतील तर माफ करा, शिकते आहे.’

तिला वाटलं, आता तरी. मंडळात पाऊण तास वाद झाला. डॉक्टरांचं म्हणणं, औषधवाली निवडून येण्यासारखी नाही. आपण तिला पाच तारे दिले आणि ती पडली, तर निवडून आलेला दादा पाच वर्षं आपलं तोंड बघणार नाही. परगावाहून परतलेला तिसरा म्हणाला, पाचव्या प्रश्नाचे दहाच गुण आहेत, बाकीचे चाळीस कुठे टाकू? ती म्हणाली, मग तारे काढून टाका आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी छापा, लोकांना वाचू देत. डॉक्टर थकल्यासारखे हसले. “लोक तारे बघतात हो.” शेवटी दादाचे सत्तेचाळीसचे एकेचाळीस झाले, एक तारा गेला. औषधवालीचे एकतीसचे छत्तीस झाले, तारे होते तेवढेच राहिले. चार आणि तीन. ज्या कोणी पत्रक उघडलं त्याला एवढंच दिसलं की दादा बरा.

तिने मत औषधवालीला दिलं. नकाशेलाही आत नेऊन बटणं दाखवली आणि नकाशेने कोणतं दाबलं ते विचारलं नाही. दादा अकराशे मतांनी निवडून आला. आभाराच्या भाषणात त्याने जिन्याचा प्रसंग सांगितला नाही. खरं म्हणजे या लोकांचं नावच घेतलं नाही. औषधवालीने दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. ही डोळ्यांचे थेंब घ्यायला गेली तेव्हा ती म्हणाली, “नियमाची प्रत हवी का? माझ्याकडे पडून आहे.” तिने घेतली.

पुढच्या महिन्यात दोघी वृद्धनिवासाच्या कचेरीत गेल्या. रिक्षात काही ठरलं नव्हतं. दादाच्या सहीचं पुन्हा कोणी काढलं नव्हतं, पण अर्जातला नात्याचा रकाना कोराच होता. लघुलेखिकेने ठरवून टाकलं होतं की नकाशे म्हणेल ते लिहायचं, बहीण तर बहीण, फार झालं. खिडकीतल्या कारकून बाईने अर्ज वरून खाली वाचला आणि मोठ्याने विचारलं, “नातं लिहिलं नाही. या तुमच्या कोण?” मागे रांग होती. तिने पेन उचललं, आणि तिच्या आधी नकाशे बोलली. मान वळवून, कडेच्या नजरेने त्या बाईला शोधत, अगदी साध्या आवाजात. “आम्ही बावीस वर्षं संसार करतोय. बहिणी नाही. लिहा काय लिहायचं ते.” कारकून बाईने थोडा वेळ दोघींकडे पाहिलं. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने रकान्यात ‘इतर’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाली, “यात जोडखोली बसत नाही. यांना एकट्यांना देता येईल, दुसरा मजला. नियम नगरसेवकांच्या हातात आहे, आमच्या नाही.”

बाहेर पायऱ्यांवर नकाशे कठडा चाचपत थांबली. “काय बोलून बसले मी,” ती म्हणाली. “चांगला तळमजला घालवला.”

“हो, घालवलास,” ती म्हणाली, आणि तिचा दंड घट्ट धरला.

“आता?”

“आता नगरसेवकाकडे.”

दादाच्या कार्यालयात भेटीचा दिवस होता. एका दुकानाच्या गाळ्यात लोखंडी खुर्च्यांच्या तीन ओळी, भिंतीवर दादाचा हात जोडलेला फोटो, दारात टोकन देणारी मुलगी. त्यांना अडतिसावा नंबर मिळाला. आत सतरावा चालू होता. कोणाचं गटार तुंबलेलं, कोणाच्या गल्लीतले दिवे गेलेले, एक म्हातारा सगळ्यांना पाण्याच्या पाइपाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होता. अर्ध्या तासाने आतलं दार उघडलं आणि दादा कोणालातरी सोडायला बाहेर आला. त्याला दोघी दिसल्या. तो दोन पावलं पुढे आला, मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणून म्हणाला, “अगं, इथे काय बसलीस? आत ये ना. सांगायचं नाहीस का आल्याचं?”

“आमचा नंबर यायचाय,” ती म्हणाली.

“अगं, नंबर कसला...”

“अडतीस. अर्ज आहे. नियम नऊ आणि त्याचा उपनियम.” ती हळू बोलली नाही. पाइपवाला म्हातारा गोष्ट थांबवून बघायला लागला, आणि टोकन देणारी मुलगीही. दादाचा चेहरा लाल झाला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण ऐकणारे तीस जण होते. तो “बरं” म्हणाला आणि आत गेला. तेविसावा नंबर पुकारला गेला.

खुर्च्या टणक होत्या, पंखा लांब होता, तिची पाठ दुखत होती. यातून काही निघेल असं तिला वाटत नव्हतं. आज तो वेळ मारून नेईल, पुढच्या भेटीच्या दिवशी पुन्हा यावं लागेल, त्याच्या पुढच्याही, रजा संपतील. तेवढ्यात शेजारून एक वजन हळूहळू तिच्या अंगावर आलं. नकाशेला डुलकी लागली होती. भर गाळ्यात, सगळ्यांच्या देखत तिचं डोकं हिच्या खांद्यावर टेकलं, तोंड थोडं उघडं. बावीस वर्षांत घराबाहेर हे कधी झालं नव्हतं. तिचा पहिला विचार तिला उठवावं असाच होता. मग तिने खांदा जरा खाली केला, म्हणजे मान अवघडायला नको, आणि समोरच्या दाराकडे बघत बसली. दार दर चार मिनिटांनी उघडत होतं, आणि प्रत्येक वेळी आतून दादाला त्या दोघी दिसत होत्या.